टॉवरलाइनवरची खराब डिस्क बदलताना: पाहणीपासून परमिट परत करेपर्यंत

हा लेख २२० केव्ही लाइनवर शटडाउन घेऊन (लाइन बंद करवून) डिस्क इन्सुलेटर, म्हणजे कंडक्टरची (वीज वाहणाऱ्या तारेची) वीज टॉवरपर्यंत येऊ न देणाऱ्या तबकड्या, बदलणाऱ्या गँगसाठी, त्यांच्या जेईसाठी (ज्युनिअर इंजिनिअरसाठी) आणि नव्याने लागलेल्या अप्रेंटिसांसाठी आहे. उंचीवर काम करण्याचं प्रशिक्षण आणि अधिकृत परमिट नसलेल्याने यातलं काहीही करून पाहू नये. चालू लाइनवरचं काम, म्हणजे हॉटलाइन, हा वेगळा विषय आहे. तो इथे घेतलेला नाही.

या कामात चुका बहुतेक ठरलेल्याच होतात. चुकीच्या मापाची डिस्क टॉवरपाशी पोचते, कंडक्टरचा भार नीट न उचलताच क्लिप (डिस्कचा जोड सुटू न देणारी खीळ) काढायची घाई होते, आणि शटडाउन संपत आला की जुनीच क्लिप सरळ करून परत ठोकली जाते. तिन्ही चुकांचं मूळ जमिनीवरच्या तयारीत असतं. म्हणून तयारीवर इथे जास्त जागा खर्च केली आहे.

## टप्पा १: खराब डिस्क नेमकी कोणती, हे आधी ठरवा

लोकेशन नंबर, सर्किट, फेज, माळ (एकीला एक जोडलेल्या डिस्क) सस्पेन्शनची (कंडक्टर खाली टांगणारी) की टेन्शनची (कंडक्टर ताणून धरणारी), आणि क्रॉस आर्मकडून (टॉवरच्या आडव्या हाताकडून) मोजत कितवी डिस्क, या पाच गोष्टी कागदावर आल्याशिवाय शटडाउनचा अर्ज करू नका. "नदीपलीकडच्या टॉवरची वरची डिस्क फुटलीय" एवढ्या निरोपावर गँग निघाली, तर डबल सर्किट (दोन लाइन वाहणाऱ्या) टॉवरवर चुकीच्या बाजूला चढण्याची शक्यता तिथेच तयार होते.

काचेच्या डिस्कचं सोपं असतं. ती फुटली की सगळी बारीक चुरा होऊन खाली पडते, आणि वर कॅप (धातूची टोपी) आणि पिन (तिच्यातून निघणारा दांडा) यांचा ठोकळा तेवढा उरतो. दुर्बिणीतून तो लगेच दिसतो. हा ठोकळा बराचसा यांत्रिक भार सोसत राहतो, त्यामुळे कंडक्टर लगेच खाली येत नाही. म्हणून तो तसाच ठेवायचा मात्र नाही.

पोर्सेलिनची डिस्क फसवते. वीज पडल्यावर आतल्या आत, कॅपखाली, छिद्र पडलेलं असतं आणि बाहेरून ती नव्यासारखी चकचकीत दिसते. आपल्याकडे तिला "झीरो डिस्क" म्हणतात. पुढचा फ्लॅशओव्हर झाला (कंडक्टरवरची वीज माळेवरून टॉवरकडे उडाली) की फॉल्टचा करंट त्या डिस्कच्या बाहेरून न जाता कॅपच्या आतून जातो, आतली हवा आणि ओल क्षणात तापते, कॅप फुटते आणि कंडक्टर जमिनीवर येतो. त्यामुळे एखाद्या लोकेशनवर ट्रिपिंग झालं (फॉल्टमुळे लाइन आपोआप बंद पडली) आणि एक डिस्क दिसायला फुटलेली असली, तरी त्या माळेतल्या बाकीच्या डिस्कही संशयित धरा. शक्य असेल तर पूर्ण माळच बदला. जमिनीवर जोडलेली माळ वर टांगायला, हवेत एकच डिस्क सोडवण्यापेक्षा बहुधा कमीच वेळ लागतो.

दुर्बिणीतून आणखी तीन खुणा शोधा: कॅपच्या जस्तावर वितळल्यासारखा काळपट ठिपका, ग्लेझवर पांढुरका चट्टा, आणि पिनच्या मानेवर गंज. मानेवरचा गंज सर्वांत वाईट. तिथे लोखंड बारीक होत जातं आणि फुगलेला गंज आतून सिमेंटला तडे देतो.

## टप्पा २: मापं जुळवा

बदली डिस्क कोठारातून उचलताना "७० ची द्या" एवढं म्हणणं पुरत नाही. चार आकडे जुळले पाहिजेत.

पहिला, यांत्रिक ताकद. २२० केव्हीवर सस्पेन्शन माळेत साधारण ७० किंवा ९० किलोन्यूटनच्या आणि टेन्शन माळेत १२० किलोन्यूटनच्या डिस्क असतात. कॅपवर ठसा असतो, तो वाचा. दुसरा, बॉल-सॉकेटचं माप, म्हणजे पिनच्या दांड्याचा व्यास: १६ मिमी की २० मिमी. पिनच्या टोकाचा गोळा म्हणजे बॉल, तो पुढच्या कॅपमधल्या खाचेत, म्हणजे सॉकेटमध्ये बसतो. सोळाचा बॉल विसाच्या सॉकेटमध्ये अगदी सहज जातो, आणि धोका तिथेच आहे. तो बसल्यासारखा वाटतो, पण भार आल्यावर निसटतो. तिसरा, स्पेसिंग, म्हणजे एका डिस्कने माळेची वाढणारी लांबी. ७० ते १२० किलोन्यूटनच्या नेहमीच्या डिस्कचं स्पेसिंग १४५ मिमी, १६० किलोन्यूटनच्या डिस्कचं १७०. वेगळ्या स्पेसिंगच्या डिस्क मिसळल्या की माळेची लांबी बदलते, आणि दुहेरी माळ असेल तर योक प्लेट (दोन माळा जोडणारी पट्टी) तिरकी होऊन सगळा ताण एकाच बाजूवर येतो.

चौथा आकडा क्रीपेज. चुकतो तो सगळ्यात जास्त हाच, म्हणून जरा सविस्तर.

क्रीपेज म्हणजे डिस्कच्या पृष्ठभागावरून, खालच्या घड्यांतून वळणं घेत, कॅपपासून पिनपर्यंतचं अंतर. किती लागेल ते परिसरातल्या प्रदूषणावर ठरतं. आयईसी ६०८१५ या आंतरराष्ट्रीय मानकातली, आजही वापरात असलेली जुनी मोजणी अशी: हलकं प्रदूषण असेल तर दर केव्हीला १६ मिमी, मध्यमाला २०, जास्तला २५ आणि अति जास्तला ३१. इथे केव्ही धरायचे ते लाइनच्या कमाल व्होल्टेजचे, म्हणजे २२० च्या लाइनला २४५. कोकण किनाऱ्याजवळच्या लाइनला "जास्त" धरलं, तर २४५ गुणिले २५, म्हणजे ६१२५ मिमी हवं. साध्या डिस्कचं क्रीपेज २९२ मिमी धरलं तर १४ डिस्कची माळ ४०८८ वर थांबते. हलक्या प्रदूषणासाठी लागणाऱ्या ३९२० ला ती पुरते, खाऱ्या हवेला नाही. ४३० मिमीच्या अँटिफॉग (जास्त क्रीपेजच्या, प्रदूषित हवेसाठीच्या) डिस्क चौदा घेतल्या तरी ६०२० होतात, थोडं कमीच. पंधरा घेतल्या तर ६४५० होतात आणि हिशेब बसतो. पण एक डिस्क वाढवली की कंडक्टर १४५ मिमी खाली येतो आणि जंपरचं (टेन्शन टॉवरवर दोन्हीकडचे कंडक्टर जोडणाऱ्या सैल तारेचं) टॉवरपासूनचं अंतर बदलतं. म्हणून डिस्कची संख्या वाढवण्याचा निर्णय साइटवर घ्यायचा नाही, तो डिझाइन विभागाकडून लेखी घ्यायचा.

> तपासा: अँटिफॉग माळेतली एक डिस्क फुटली आणि कोठारात साधीच आहे म्हणून ती बसवली, तर त्या माळेचं क्रीपेज तेवढ्याने कमी झालं. पावसाळ्यात कुणाच्या लक्षात येणार नाही. ट्रिपिंग येईल ते हिवाळ्यात, पहाटेच्या धुक्यात.

मुसळधार पाऊस मीठ आणि धूळ धुऊन नेतो. धुकं, दंव आणि रिमझिम त्याच थराला फक्त ओलावतात, आणि ओला थर करंट वाहून नेतो. चंद्रपूरकडे सिमेंट कारखान्यांच्या परिसरात याहून वेगळी अडचण आहे. सिमेंटची धूळ दवाने भिजून डिस्कवर घट्ट बसते आणि पावसानेही निघत नाही. अशा लोकेशनवर नवी डिस्क लावून प्रश्न काही काळच पुढे ढकलला जातो. ठरावीक काळाने घासून सफाई, किंवा सिलिकॉन रबरच्या कंपोझिट इन्सुलेटरचा विचार करावाच लागतो.

## टप्पा ३: डिस्कची तपासणी, जमिनीवर

खोकं साइटवर उघडा, कोठारात नाही. उघड्या डिस्क ट्रकमध्ये एकमेकींवर आपटत आल्या तर तपासणीला अर्थ उरत नाही.

1. ताडपत्री अंथरा, वर फळ्या टाका. मुरमावर डिस्क ठेवू नका.
2. कोरड्या स्वच्छ फडक्याने पुसा. ग्रीस, पेंट, डिझेल काहीही लावू नका.
3. प्रत्येक डिस्क उन्हाकडे धरून फिरवा. कॅपच्या कडेपासून निघणारी केसाएवढी तडही चालणार नाही.
4. पिन हाताने हलवून पाहा. जराही हलली तर डिस्क बाद.
5. ५ केव्ही मेगर (इन्सुलेशनचा रोध मोजणारं यंत्र) लावा. कोरड्या, नव्या पोर्सेलिन डिस्कचं वाचन २००० मेगओहमच्या वर असावं असा प्रघात आहे. वाचन कमी आलं तर आधी पुसून, उन्हात वाळवून पुन्हा घ्या. तरीही कमीच आलं तर ती डिस्क परत पाठवा.

मग माळ जोडा. बॉल सॉकेटमध्ये घातल्यावर क्लिप आत ढकलायची. क्लिप डब्ल्यू आकाराची असो की आर, ती नवीच हवी. बोटाने दाबून पाहा: बरोबर बसलेली क्लिप जागेवर स्प्रिंगसारखी अडते आणि बॉल कसाही हलवला तरी बाहेर येत नाही. एकदा काढून वाकवून सरळ केलेली क्लिप दिसायला तशीच असते, पण तिचा ताण गेलेला असतो. वाऱ्याने माळ हलत राहते तशी ती मिलिमीटर मिलिमीटर सरकते आणि एके दिवशी माळ सुटते. नव्या क्लिपची किंमत डिस्कच्या तुलनेत काहीच नाही, तरी ती वाचवण्याचा मोह होतो. माझ्या मते, जुनी क्लिप पुन्हा वापरायला सांगणाऱ्या सुपरवायझरला टॉवरच्या कामावर ठेवू नये.

सगळ्या सॉकेटची तोंडं एका रेषेत, वर बसलेल्या लाइनमनला क्लिपा दिसतील अशा बाजूला ठेवा.

> धोका: कंपोझिट इन्सुलेटर असेल तर तो पाकळ्यांना धरून उचलू नका, वाकवू नका, पिळू नका, त्यावर पाय देऊ नका. आतल्या फायबरच्या दांड्याला इजा झाली तर बाहेरून काही दिसत नाही. कोरोना रिंग (विजेचा ताण पसरवणारं धातूचं कडं) कंडक्टरच्या टोकाला आणि ड्रॉइंगप्रमाणे योग्य तोंडाने बसवा. उलटी बसवलेली रिंग नसल्यासारखीच.

## टप्पा ४: परमिट, तपासणी, अर्थिंग

शटडाउनचं नियोजन लोड डिस्पॅच सेंटरमार्फत (राज्यातल्या वीजवहनाचं नियंत्रण करणाऱ्या केंद्रामार्फत) होतं. महाराष्ट्रात ते ऐरोलीला आहे. मिळालेल्या वेळेत आयसोलेशन, परमिट आणि परमिट परत करणं हेही येतं. प्रत्यक्ष टॉवरवरचा वेळ त्याहून बराच कमी असतो, हे गँगला सकाळीच सांगा.

लाइनच्या दोन्ही टोकांच्या उपकेंद्रांत आयसोलेटर (लाइन पुरवठ्यापासून तोडणारे स्विच) उघडे, कुलूपबंद, अर्थ स्विच लावून लाइन जमिनीला जोडलेली आणि "काम चालू" च्या पाट्या लागलेल्या असतील, तेव्हाच परमिट. फोनवर परमिट घेताना लाइनचं नाव, सर्किट आणि परमिट नंबर समोरच्याने म्हटल्यावर तुम्ही परत म्हणा आणि त्याच्याकडून "बरोबर" ऐका. "हां हां, कळलं" चालणार नाही.

टॉवरखाली पोचल्यावर सर्किटची पाटी परमिटशी ताडून पाहा. ताडणारा एक आणि चढणारा दुसरा, अशी दोन माणसं असावीत.

त्यानंतर व्होल्टेज डिटेक्टर. तो चालतो की नाही हे वापरण्याआधी आणि वापरल्यानंतरही तपासा. लाइन मृत दाखवली की अर्थिंग: आधी क्लॅम्प टॉवरच्या घासून साफ केलेल्या धातूवर, मग डिस्चार्ज रॉडने कंडक्टरवर. काढताना उलट, आधी कंडक्टर, मग टॉवर. तिन्ही फेजना आणि कामाच्या दोन्ही बाजूंना अर्थिंग हवं.

डबल सर्किटवर शेजारचं सर्किट चालू असेल तर बंद लाइनमध्येही इंडक्शनने जीवघेणं व्होल्टेज येतं. उपकेंद्रातला अर्थ स्विच कित्येक किलोमीटर लांब असतो, त्याच्या भरवशावर टॉवरवर हात घालायचा नाही. दूर कुठे गडगडत असेल तरी काम थांबवा. वीज लाइनवर कुठेही पडली तरी तिचा झटका तुमच्यापर्यंत येतो.

## टप्पा ५: भार उचला, मग थांबा

सगळ्या कामाचा कणा हा टप्पा आहे. किती भार उचलायचा ते आधी काढा.

झेब्रा या प्रकारच्या कंडक्टरचं वजन किलोमीटरला सुमारे १६२१ किलो. ३५० मीटरच्या स्पॅनला (दोन टॉवरमधल्या अंतराला) सपाट जमिनीवर सस्पेन्शन माळेवर साधारण ५६७ किलो येतात. घाटात हा हिशेब मोडतो. डोंगराच्या माथ्यावरचा टॉवर शेजारच्या दोन्ही स्पॅनचं बरंच वजन स्वतःवर घेतो आणि भार खूप वाढतो. दरीतल्या टॉवरवर तो उलट इतका कमी असतो की माळ सुटल्यावर कंडक्टर वर उडू पाहतो. प्रोफाइल ड्रॉइंगमधून त्या लोकेशनचा वेट स्पॅन (ज्या लांबीच्या तारेचं वजन त्या टॉवरवर येतं ती लांबी) काढल्याशिवाय पुलिफ्ट (हाताने चालवायचं साखळीचं ओढयंत्र) निवडू नका.

टेन्शन माळेचं गणित निराळं. झेब्राची तुटण्याची ताकद सुमारे १३,२८९ किलो, आणि ३२ अंशांना वारा नसताना ताण तिच्या साधारण २२ टक्के धरला जातो. म्हणजे जवळपास २९०० किलो. थंडीच्या सकाळी त्याहून जास्त. शिवाय माळ सैल करायला थोडा जादा ताण द्यावाच लागतो. इथे तीन टनाचा पुलिफ्ट लावणं म्हणजे जराही राखीव ताकद न ठेवणं. पाच-सहा टनाचा, चाचणीची तारीख उलटून न गेलेला, तोच न्या.

क्रम असा:

1. पुलिफ्ट क्रॉस आर्मच्या मुख्य मेंबरला किंवा त्यासाठी दिलेल्या भोकाला अडकवा, ब्रेसिंगच्या अँगलला कधीच नाही.
2. सस्पेन्शनला कंडक्टरभोवती गुळगुळीत स्लिंग घाला, टेन्शनला त्या कंडक्टरच्या मापाचा कमअलॉन्ग क्लॅम्प (तार घट्ट पकडणारा चिमटा) लावा. मोठ्या मापाचा क्लॅम्प घसरतो, लहान मापाचा ॲल्युमिनियमच्या तारा चेपतो.
3. सेफ्टी स्लिंग वेगळी, वेगळ्या आधाराला. लांबी इतकी की पुलिफ्ट सुटलाच तर कंडक्टर वितभरच खाली येईल.
4. हळूहळू ओढा. माळ सैल झाली, डिस्क हाताने हलायला लागल्या, की थांबा.

आता काही मिनिटं क्लिपला कुणीही हात लावायचा नाही. हुक, शॅकलची पिन, साखळी, क्लॅम्प, क्रॉस आर्मचा जोड असं वरून खालपर्यंत एकेक पाहायचं. क्लॅम्पच्या कडेला कंडक्टरवर पेनाने खूण केलेली असेल तर तो घसरला का ते लगेच कळतं. हे थांबणंच सगळ्यात आधी गाळलं जातं, आणि सस्पेन्शनवर अर्ध्या टनाहून जास्त भार, टेन्शनवर तीन टनांचा ताण हातात असताना गाळलं जातं.

> धोका: दुहेरी टेन्शन माळेत एकच बाजू सोडवताना योक प्लेट फिरते. दोन्ही बाजूंचा ताण उचलल्याशिवाय एकही क्लिप काढू नका. जंपर उघडायची वेळ आली तर आधी त्याच्या दोन्ही बाजू केबलने जोडा. उघड्या जंपरच्या दोन टोकांच्या मध्ये माणूस येता कामा नये.

## टप्पा ६: जुनी माळ खाली, नवी वर

सस्पेन्शन माळेत आधी कंडक्टरकडचं टोक सोडवा. माळ क्रॉस आर्मला लटकत राहील. कप्पीतून आलेला दोर वरून दुसऱ्या-तिसऱ्या डिस्कच्या कॅपला बांधा, पाकळीला नाही. खालच्या माणसांनी वजन घेतल्याचं ओरडून सांगितल्यावरच वरचं टोक सोडवा.

नवी माळ वर नेताना एक दोर ओढायचा आणि दुसरा खालून आवरायचा, म्हणजे ती टॉवरच्या अँगलवर आपटत नाही. खाली दोर धरणाऱ्यांनी माळेच्या थेट खाली उभं राहायचं नाही. जोडणीचा क्रम उलटा: आधी क्रॉस आर्मचं टोक, मग कंडक्टरचं. दोन्ही टोकांच्या क्लिप वरच्या माणसाने बसवल्या की दुसऱ्याने बोटाने तपासायच्या.

भार माळेवर परत देताना पुलिफ्ट एकदम सोडू नका. अर्धा भार आला की थांबून प्रत्येक बॉल सॉकेटमध्ये पूर्ण बसलाय ना ते पाहा. एखादा कडेवर अडकला असेल तर अजून परत उचलता येतो.

> तपासा: सस्पेन्शन माळ ओळंब्यात आहे का? आर्किंग हॉर्नमधलं (ठिणगी डिस्कपासून दूर ठेवणाऱ्या दोन सळयांमधलं) अंतर ड्रॉइंगप्रमाणे आहे का? कंडक्टरवर स्लिंगने ओरखडा पडला का? सगळ्या कॉटर पिनांची टोकं उघडली का?

## टप्पा ७: परत निघताना

अवजारं मोजून खाली घ्या. क्रॉस आर्मवर राहिलेला पाना नंतर कधीतरी कंडक्टरवर पडतो. मग माणसं खाली उतरवा आणि नावानिशी मोजा. अर्थिंग शेवटी, आणि किती ठिकाणी लावलं होतं त्या संख्येशी ताडून. परमिट परत करताना हे तिन्ही आकडे एकाच माणसाने सांगायचे.

काढलेल्या डिस्क तिथेच फेकून येऊ नका. प्रत्येकीवर खडूने तिचा क्रमांक लिहून आणा आणि मेगर करा. कंडक्टरजवळच्या डिस्कवर माळेतल्या सरासरी ९ केव्हीपेक्षा बरंच जास्त व्होल्टेज असतं, म्हणून त्याच वारंवार बाद निघत असतील तर तसं नोंदवा. एकाच लोकेशनवर दर पावसाळ्याच्या तोंडाला डिस्क फुटत असतील तर दोष डिस्कचा नसण्याची शक्यता जास्त. टॉवरचा फुटिंग रेझिस्टन्स (पायथ्यातून जमिनीत जाताना विजेला होणारा रोध) मोजा. तो साधारण १० ओहमच्या खाली असावा. खडकाळ जमिनीत, किंवा अर्थिंगची पट्टी चोरीला गेली असेल तर तो खूप वाढतो, आणि टॉवरवर पडलेली वीज जमिनीत जाण्याऐवजी उलटी माळेवरून कंडक्टरवर उडी मारते. अशा ठिकाणी पुढच्या शटडाउनची वाट न पाहता आधी अर्थिंग दुरुस्त करा. ते काम लाइन चालू असतानाही ठरलेल्या कार्यपद्धतीने करता येतं.

रजिस्टरमध्ये लोकेशन, फेज, डिस्कचा क्रमांक, कॅपवरचा ठसा आणि उत्पादनाचं वर्ष, मेगरचं वाचन, क्रीपेज आणि फुटिंग रेझिस्टन्स एवढं त्याच दिवशी लिहा. "डिस्क बदलली" या दोन शब्दांवर पुढच्या गँगला काहीच ठरवता येत नाही.